बेसिनचं बूच रुसलं!

रविवारची सकाळ होती, दोस्तांनो. मी चहाचा कप तोंडाला लावला आणि बाथरूममधून आरोळी आली, "मामा, बेसिन भरलंय! पाणी जातच नाहीये!"

सुट्टीला आलेला माझा भाचा तोंडात ब्रश धरून उभा होता. सातवीतला आहे, त्यामुळे हात स्वस्थ राहत नाहीत. आमच्या नव्या घरातल्या बेसिनला ते चकचकीत, गोल, दाबायचं बूच आहे. एकदा दाबलं की भोक बंद, परत दाबलं की 'टक्' करून वर येतं. नव्या फ्लॅटमधल्या बऱ्याच बेसिनांना हल्ली हे असतं. भाच्याने त्यात कागदी होडी सोडण्यासाठी बूच दाबलं होतं. होडी झाली, खेळ झाला, पण बूच काही वर येईना. दाबून पाहिलं, नखाने उचकटून पाहिलं, छे!

प्लंबरला फोन केला. "मंगळवारी येतो" म्हणाला. आता मंगळवारपर्यंत सहा माणसांनी तोंड कुठे धुवायचं? मी म्हटलं, "चल रे, आपणच बघू." आणि त्या दोन तासांत आम्हाला जे सापडलं, ते प्लंबरच्या हातून मुकाट्याने कचऱ्यात गेलं असतं. ते काय, ते येईलच पुढे.

आधी पाणी काढलं. मग्याने उपसून बादलीत, बादली झाडांना. (साबणाचं थोडं पाणी असेल तर झाडं तक्रार करत नाहीत, पण फेसाळ असेल तर देऊ नका.) पाणी उपसताना भाच्याने शंका काढली, "मामा, वरच्या पाण्याच्या वजनाने बूच दबलं असेल का?" शंका चांगली होती. तिचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, गणिताने द्यायचं. कागद घ्या तुम्हीही.

भोकाचा व्यास साधारण ४ सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या २. क्षेत्रफळ ३.१४ × २ × २, म्हणजे सुमारे साडेबारा चौरस सेंटीमीटर. वर पाणी होतं १२ सेंटीमीटर उंच. साडेबारा गुणिले बारा, दीडशे घनसेंटीमीटर. एक घनसेंटीमीटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. म्हणजे बुचावर भार किती? फक्त १५० ग्रॅम! अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. पाणी निर्दोष सुटलं. गुन्हेगार दुसराच होता.

बॉलपेनचा चुलतभाऊ

हे बूच चालतं कसं? तुमच्या कंपासमधलं टिकटिक करणारं बॉलपेन काढा. वरचं बटण दाबलं की रिफिल बाहेर येते आणि तिथेच अडकते. परत दाबलं की सुटते आणि स्प्रिंग तिला आत खेचते. आत एक खाचा असलेली नळी असते. प्रत्येक दाबाला दांडा किंचित फिरतो, एकदा खाचेच्या ओठावर टेकतो, एकदा खाचेत घसरतो. आपल्या बुचात हीच करामत असते, फक्त जरा जाडजूड. पेन उघडून बघणार असाल तर ताटात उघडा. स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते, हा माझा अनुभव आहे.

आता विचार करा. पेन कोरड्या खिशात राहतं. बूच मात्र जन्मभर केस, साबण आणि टूथपेस्टच्या संगतीत! केस दांड्याला गुंडाळले जातात. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक भुकटी असते, बऱ्याच पेस्टमध्ये ती खडूचीच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची असते. ती खाचांत बसते. त्यातून पाणी बोअरचं असेल तर विचारूच नका. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जमतं आणि न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो चिकट थर दिसतो ना, तोच हा. केसांचं जाळं, त्यात खडू, वर साक्याचा गिलावा. स्प्रिंग बिचारी किती ढकलणार?

मग आम्ही बूच वर काढायचे उपाय सुरू केले, सोप्यापासून अवघडाकडे.

पहिला उपाय दाबण्याचा. मधोमध दाबून उपयोग होत नव्हता, म्हणून कडेने, घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ अशा जागांवर अंगठ्याने पाच-सहा वेळा दाबलं. कधी कधी तिरकं अडकलेलं बूच याने सुटतं. आमचं सुटलं नाही.

दुसरा उपाय भाच्याचा, आणि खरं सांगतो, तो मला सुचला नव्हता. टाइल्सवर चिकटवायचा रबरी चकतीचा हूक असतो ना, टॉवेल अडकवायचा? तो त्याने ओला करून बुचावर दाबला आणि हूक धरून ओढला. चकती दाबली की तिच्याखालची हवा निघून जाते आणि बाहेरची हवा तिला वरून दाबून धरते. हवेचा हा दाब दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ एक किलो असतो! पाच सेंटीमीटर व्यासाची चकती असेल तर तिचं क्षेत्रफळ होतं सुमारे २० चौरस सेंटीमीटर, म्हणजे हिशेबाने २० किलोची पकड. प्रत्यक्षात चकतीखाली थोडी हवा राहतेच, त्यामुळे पकड बरीच कमी मिळते. तरी नखापेक्षा कितीतरी बरी. सतराव्या शतकात जर्मनीतल्या ऑटो फॉन गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, तर दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते सुटेनात. ही गोष्ट तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचली असेल. आमच्याकडे घोडे नव्हते, मामा-भाचे होते. बूच एक सूतभर वर आलं आणि परत बसलं.

पण तेवढ्याने एक गोष्ट कळली. चकती धरून ते फिरवता येत होतं! यातली बरीच बुचं आट्यांवर बसवलेली असतात. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत राहिलं की वरची टोपी किंवा अख्खा दांडाच हातात येतो. अनेकांचं काम इथेच संपेल. काढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत लावा. आमची टोपी मात्र नुसतीच गरगर फिरत राहिली.

इथे आई डोकावली. तिच्या हातात बाथरूम साफ करायच्या ॲसिडची बाटली होती. "हे ओता थोडं, सगळं जाईल," ती म्हणाली. शेजारच्या काकूंनी ब्लीचिंगचं द्रावण सुचवलं. दोघींचा हेतू चांगला. पण मुलांनो, आणि हे वाचणाऱ्या आईबाबांनो, इथे मी जरा दरडावून बोलतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्र गावापाशी सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. बंद बाथरूममध्ये तो थोडासासुद्धा छातीत जळजळ करतो, जास्त असेल तर जिवावर बेततो. आधी कोणी काय ओतलंय हे माहीत नसताना वरून दुसरं काही ओतायचं नाही. भोक मोकळं करायची जी पांढरी पूड मिळते, तिच्यात कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात तापतो आणि कातडी, डोळे भाजून काढतो. बूच बंद असताना ही पूड टाकली तर ती बेसिनमध्येच बसणार, आणि नंतर हात तुम्हालाच घालायचाय! या वस्तूंना मुलांनी हातच लावायचा नाही. मोठ्यांनीही आधी हाताने करून बघावं.

आणि तो खायचा सोडा आणि व्हिनेगरचा उपाय? सगळीकडे सांगतात. फसफसताना मजा येते हे खरं. पण सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांनाच खाऊन टाकतात आणि मागे जवळजवळ साधं खारट पाणी उरतं. साका खायला कोणी शिल्लकच राहत नाही. त्यापेक्षा नुसतं लिंबूसत्व बरं. त्याचं पुढे सांगतो.

बेसिनच्या पोटात

शेवटचा उपाय, खालून. बेसिनच्या खाली बघा. मधोमध उतरणारी नळी आणि तिच्या टोकाला एक जाडसर डबी लटकलेली दिसेल. हिला बॉटल ट्रॅप म्हणतात. काही घरी त्याजागी नुसता लवचिक वेस्ट पाइप असतो, वळवून बसवलेला. डबीचा खालचा भाग हाताने फिरवून निघतो. त्याखाली बादली ठेवायची, हातात रबरी मोजे घालायचे आणि नळाला पाणी पुरवणारा अँगल कॉक बंद करायचा. तो बंद केला नाही तर काय होतं? तुम्ही खाली बसलेले असता आणि घरातलं कोणीतरी सवयीने वर हात धुतं. बस, एवढंच होतं.

डबी कुठल्या बाजूला फिरवायची यावरून आमचं भांडण झालं. वर उभं राहून बघणारा भाचा म्हणे उजवीकडे, खाली आडवा झालेला मी म्हणे डावीकडे. पाण्याची बाटली घ्या, उलटी धरा आणि झाकण खालून बघत उघडा. घड्याळाच्या उलट फिरतं ना? आता तसंच फिरवत बाटलीच्या बुडाकडून, वरून बघा. तेच फिरणं आता घड्याळाच्या दिशेने दिसतं! आम्ही दोघेही बरोबर होतो. हाताने फिरत नसेल तर डबीभोवती फडकं गुंडाळून मग पाना लावा, म्हणजे ओरखडे उठत नाहीत. आणि बेसिनला धरून, लटकून जोर करू नका. ते चिनी मातीचं असतं, पायावर पडलं तर सुट्टी पलंगावर जाते.

डबी सुटली. भसकन काळं पाणी बादलीत, आणि वास! भाचा बाल्कनीत पळाला. मी खालून नळीत सायकलची जुनी स्पोक घातली, टॉर्च लावून बाजूने वर सरकवली आणि बुचाला ढकललं. टक्! बूच बाहेर. त्याच्या दांड्याला केसांची अख्खी वेणी गुंडाळलेली.

भाचा परत आला तेव्हा डबीतला गाळ जुन्या ताटलीत काढला होता. त्याला तो काडीने ढवळायचा होता. मी म्हटलं, ढवळ बाबा. पेन्सिलीचं टोपण निघालं, शर्टाचं बटण निघालं, आणि मग तो म्हणाला, "मामा, हे काय चमकतंय?"

सोन्याचं कानातलं होतं. तुरीच्या डाळीएवढं टॉप, आईचं.

आता हे सांगायला मला जड जातं, पण सांगतो. ते टॉप आठ महिन्यांपूर्वी हरवलं होतं. अंघोळीआधी बेसिनच्या कडेवर काढून ठेवलं होतं, असं आईला पुसटसं आठवत होतं. घर धुंडाळलं, मिळालं नाही. त्या वेळी आमच्याकडे भांडी-फरशीला एक मावशी येत. त्यांना कोणी काही बोललं नाही. एक शब्दही नाही. पण त्या खोलीत गेल्या की कोणीतरी मागे जाऊ लागलं. कपाटाला कुलूप लागलं. मीसुद्धा पाकीट उचलून खिशात ठेवायला लागलो होतो. माणसाला हे कळतं. पंधरा दिवसांनी मावशींनी "पाय दुखतात" असं सांगून काम सोडलं.

आई ताटलीकडे बघत राहिली. मग तिने टॉप धुतलं, कपड्यांना इस्त्री न करताच साडी बदलली आणि म्हणाली, "मी जाऊन येते."

"आजी कुठे गेली?" भाच्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, ते आठ महिने वाहून कसं नाही गेलं?"

हा प्रश्नही हुशारीचा. त्याचं उत्तर त्या डबीतच आहे. नळीतून आलेलं पाणी आधी डबीच्या तळाशी जातं, मग वर चढून बाजूच्या पाइपातून भिंतीत शिरतं. हलका केर पाण्याबरोबर वर चढतो. शुद्ध सोनं पाण्याच्या सुमारे १९ पट जड असतं, दागिन्याचं सोनं त्याहून थोडं हलकं, तरी ते काही पोहणार नाही. ते तळाशीच बसतं. शिवाय सोनं गंजत नाही. म्हणून ध्यानात ठेवा, बेसिनमध्ये काही मौल्यवान पडलं तर पहिलं काम नळ बंद करायचं आणि दुसरं डबी उघडायचं. आम्ही आठ महिन्यांपूर्वी हेच करायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

पण ही डबी सोनं पकडण्यासाठी केलेली नाही बरं का. तिच्यात नेहमी दोन-तीन इंच पाणी साचून राहतं, आणि ते पाणी म्हणजे गटार आणि तुमचं घर यांच्यामधलं दार. वास, डास, झुरळं पलीकडेच अडतात. पाइपाला वाकवून त्यात पाणी अडवायची ही युक्ती लंडनमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकुपासाठी पेटंट करून घेतली. बाथरूमच्या फरशीवर जाळीखाली असंच पाणी असतं. त्याला काय म्हणतात माहीत आहे? नहाणी ट्रॅप! आपल्या न्हाणीघरातली न्हाणी. भारतातली इंजिनिअरिंगची इंग्रजी पुस्तकंसुद्धा हाच शब्द वापरतात.

हे पाणी आटलं तर? २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली, तेव्हा अमॉय गार्डन्स या एकाच वसाहतीत तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. तपासात दिसलं की बऱ्याच घरांतल्या बाथरूमच्या फरशीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. पंखा लावला की मैलापाइपातली हवा, विषाणू असलेल्या तुषारांसकट, थेट घरात खेचली जात होती. म्हणून मे महिन्यात गावाला जाण्याआधी आणि परत आल्यावर बाथरूमच्या जाळीत एकेक तांब्या पाणी ओता. हे काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाने अंगावर घ्यावं, ते विसरत नाही.

आता स्वच्छता. केस हाताने काढले (भाच्याने चिमट्याने). कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून बूच अर्धा तास बुडवलं. खडूतून बारीक बुडबुडे निघायला लागले. चिमूटभर पेस्टवर लिंबू पिळून हे घरी करून बघा. खडूची पेस्ट असेल तर फसफसेल, नसेल तर नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, चकाकी जाते. संगमरवराच्या बेसिनवर लिंबू अजिबात नको, कारण संगमरवरसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच! मग टूथब्रशने घासलं, धुतलं. आम्ही दांड्याला तेल लावणार होतो, पण तिथे रबरी वायसर असतो आणि तेलाने रबर फुगतं. साबणाचा बोट पुरतो.

परदेशात मावशी-काका असतील तर त्यांच्याकडे वेगळा प्रकार दिसेल. नळाच्या मागे एक छोटी दांडी असते, ती ओढली की बूच खाली जातं. तिथे बेसिनखाली पाइपात मागून एक आडवी सळई शिरलेली असते. तिची चकती हाताने सोडवून सळई मागे ओढली की बूच वरून सुटं होतं. एवढाच फरक.

बूच लावताना भाच्याने विचारलं, "मामा, पण आपल्याला हे लागतं कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत गरम आणि थंड पाण्याचे दोन वेगळे नळ असत. बूच लावून बेसिनमध्ये दोन्ही मिसळायचं आणि त्यात तोंड धुवायचं, म्हणून बूच. आपण साचलेल्या पाण्यात तोंड धुतो का? आपल्याला वाहतं पाणी हवं. मग हे बूच निव्वळ ऐटीचं. माझं मत विचाराल तर साधी जाळी बरी. केस वरच अडतात, कानातलंही वरच अडतं.

आई तासाभराने आली. मावशी आता दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या घरी काम करतात. "काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बसवून चहा दिला," आई म्हणाली. "म्हणाल्या, सापडलं ना, बरं झालं." थोडं थांबून म्हणाली, "माझ्याच्याने चहा संपवला गेला नाही." आणि ती आत गेली. रात्री जेवतानाही ती फारशी बोलली नाही.

डबी परत लावल्यावर खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून ठेवा. ओला हात फिरवून गळती कळत नाही, कागदावर कळते. आमच्या कागदावर सकाळी रुपयाएवढा ओला डाग होता. वायसर उलटा बसला होता. भाच्याने पुन्हा बादली आणली, पुन्हा उघडलं, सुलटा करून बसवला, आणि या वेळी अँगल कॉक बंद करायला तोच विसरला.